फादर मर्सेन व त्यांची यादी

फ्रान्स देशांतील मेन प्रांतांत ता. ८ सप्टेंबर १५८८ रोजीं एका गरीब श्रमजीवी कुटुंबांत मारँ मर्सेन यांचा जन्म झाला. घरची स्थिति बेताची असतांहि आईबापांनीं त्यांस शिकविलें. ला फ्लेश येथील जेझुइटांच्या विद्यालयांतील शिक्षण संपल्यावर १६११ सालीं ते मिनिम नांवाच्या संन्यासी संघांत शिरले, आणि १६१९ पासून पॅरिस येथील मठ हेंच त्यांचें घर झालें.

त्या काळीं शास्त्रीय मासिकें नव्हतीं. ही उणीव मर्सेन यांनीं आपल्या लेखणीनें भरून काढिली. देकार्त, फर्मा, टॉरिचेली यांसारख्या विद्वानांशीं त्यांचा पत्रव्यवहार असे, व एकाचा प्रश्न ते दुसऱ्यापुढें ठेवीत. १६३३ सालीं गॅलिलिओस शिक्षा झाली, तरी पुढल्याच वर्षीं त्यांनीं त्याच्या यंत्रशास्त्राचें फ्रेंच रूपांतर छापिलें.

परंतु त्यांचें नांव राहिलें तें संख्यांच्या एका यादीमुळें. एक व ती स्वतः यांवांचून जिला दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या होय. २ हा अंक ७ वेळां मांडून गुणिला असतां १२८ येतात; त्यांतून १ वजा करितां १२७ ही मूळ संख्या मिळते. पण तोच अंक ११ वेळां घेतल्यास २०४७ येतात, आणि ते तर २३ व ८९ यांचा गुणाकार! मग कोणते घातांक मूळ संख्या देतात? १६४४ सालीं मर्सेन यांनीं लिहिलें कीं, ३१ च्या पुढें २५७ पर्यंत असे घातांक तीनच: ६७, १२७ व २५७.

एवढ्या मोठ्या संख्यांचा ताळा पाहाण्याचें साधन त्यांजपाशीं नव्हतें. ता. १ सप्टेंबर १६४८ रोजीं ते वारले. यादी तशीच राहिली. पुढें १८७६ सालीं एदुआर ल्युका या फ्रेंच गणित्यानें, एकेका भाजकानें भागून न पाहतां, नव्या रीतीनें १२७ हा घातांक खरा ठरविला. ती ३९ अंकी संख्या अशी:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

१९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. ६७ मात्र चुकीचा निघाला. १९०३ सालीं अमेरिकेतील फ्रँक कोल यांनीं त्या संख्येचे १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव दाखविले. २५७ हि चुकीचा, आणि ६१, ८९ व १०७ हे खरे घातांक राहूनच गेले होते. सबंध यादीची तपासणी १९४७ सालीं पुरी झाली. म्हणजे तीनशें वर्षें लागलीं!

तरीहि अशा संख्यांस जग मर्सेन यांचेंच नांव देतें. २०२४ सालीं सांपडलेली चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्याहि त्याच कुळांतील आहे. कारण त्यांचें उत्तर चुकलें, तरी त्यांच्या प्रश्नानें पुढील पिढ्यांस कामास लाविलें.

विद्यार्थिमित्रहो, थोरांचें विधानहि ताळा पाहूनच स्वीकारावें. परंतु चुकीच्या भयानें आपली पाटी कधीं कोरी ठेवूं नये.