एका हाती भाकरी, दुसऱ्या हाती जाब

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा उभी राहते. पुण्याचा भिडेवाडा, अंगावर येणारे शेणमातीचे गोळे आणि ते झेलत वर्गाकडे निघालेली तरुण शिक्षिका. ३ जानेवारीला आपण त्यांना अभिवादन करतो ते शिक्षिका म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु याच माईच्या आयुष्यात उपाशी माणसांसाठी खेडोपाडी फिरण्याचाही एक काळ आला होता. आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत तो क्वचितच येतो. आज पिंपळे सौदागरच्या गृहसंकुलांतून अन्नदानाचे उपक्रम चालतात, चांगल्या मनाची तरुण मंडळी सुटीच्या दिवशी अन्नाची पाकिटे घेऊन बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत जातात. त्या प्रत्येकाने माईंच्या आयुष्यातले हे पान वाचले पाहिजे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. शिक्षण झाले ते लग्नानंतर. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, पुढे शूद्र-अतिशूद्रांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले गेले. १८६८ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या शहरात माणसाच्या सावलीचाही विटाळ होई, तिथे तहानलेल्याला पाणी देणे हेच बंड होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि या कामाला संघटनेचे बळ मिळाले.

त्या संघटनेची खरी परीक्षा तीनच वर्षांनी आली. १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस फिरकला नाही. शेतकरी आधीच नागवला गेला होता. १८७५ मध्ये सुप्याला आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, त्याचे कारण हेच. घरात दाणा नाही, पेवात धान्य नाही आणि गहाणखत सावकाराच्या पेटीत, अशा अवस्थेत दुष्काळ येऊन आदळला. देशात धान्य नव्हते असे मुळीच नाही. ते परदेशी जहाजांत भरले जातच होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार थाटात भरला, तेव्हा दख्खनेत माणसे गावे सोडून चालली होती. दुष्काळ पावसाच्या तुटवड्याने येतो. भूकबळी मात्र व्यवस्था घेते.

सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्च वाचवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या पोटाचे मोजमाप ठरवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे. रतल म्हणजे अर्धा किलोही नाही. या मजुरीविरुद्ध मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामावरून उठून जाऊन निषेध केला. हेच टेंपलसाहेब १८७७ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सावित्रीमाई जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या. आपल्या पिंपळे सौदागरहून नाशिक फाटा गाठावा, भोसरी, चाकण, मंचर, नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याला वळावे की ओतूर येते. आज या रस्त्याने कारखान्यांची अवजड वाहने धावतात. त्या काळी या मुलुखात जनावरे चाऱ्यावाचून मरत होती आणि माणसे भुकेपायी विषारी फळे खात होती. २० एप्रिल १८७७ रोजी माईंनी जोतीरावांना ओतूरहून पत्र लिहिले. त्यात हे सारे नोंदलेले आहे. वय सेहेचाळीस. शहरात थांबून पैसे पाठवणे त्यांना अशक्य नव्हते. त्या स्वतः दुष्काळात जाऊन राहिल्या.

तिथे त्यांनी काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. एक, सत्यशोधकांच्या समित्या नेमल्या गेल्या आणि धान्य पोहोचवण्याचे काम स्थानिक कार्यकर्त्यांनी वाटून घेतले. मदत एखाद्या शेठजीच्या लहरीवर ठेवली नाही. दोन, दुष्काळाचा फायदा उठवणाऱ्या सावकारांकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. लूट कोण करतो हे स्वच्छ सांगितले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दंगे उसळले तेव्हा पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांनाच पकडले. उपाशांना अन्न देणारेच गुन्हेगार ठरले! कलेक्टर आला, त्याने माईंना भेटीस बोलावले. माईंनी गयावया केली नाही. निरपराध स्वयंसेवकांवर कुभांड रचून त्यांना का धरले, असा सरळ जाब विचारला आणि त्यांना सोडण्याची मागणी केली. कार्यकर्ते सुटले. लोकांची दैना कळल्यावर कलेक्टरने चार बैलगाड्या भरून ज्वारीही पाठवली.

मे महिन्यात जोतीरावांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. पुण्याजवळच्या धनकवडीत व्हिक्टोरिया बालाश्रम चालू होता. दुष्काळाने आईबापांपासून तोडलेल्या मुलांना तिथे अन्न मिळत होते. लोकांनी वर्गणी द्यावी, धान्य द्यावे, जमेल त्याने श्रम द्यावेत, असे ते काम होते. राजदरबारी वजन नसलेल्या माणसांनी आपल्या घासातला घास काढून चालवलेले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून माई पुढे चालल्या. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी सोडले नाही. १८९३ च्या सासवड परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. पुण्यात प्लेग आला तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंतच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. जिच्या समाजात अतिशूद्राला शिवणे पाप होते, तिने अतिशूद्राचे पोर पाठीवर घेतले आणि त्याची किंमत प्राणांनी चुकवली.

आता आपल्या परिसराकडे वळू. पिंपळे सौदागरमध्ये टोलेजंग इमारती उभ्या आहेत. त्या बांधणारे हात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून येतात. त्यांत आपले बौद्ध, मातंग, भटके, आदिवासी, मुस्लिम बांधव किती आहेत हे वेगळे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, हाताचे काम गेले आणि याच औद्योगिक पट्ट्यातून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघाली. तेव्हा विहारांतून, गुरुद्वारांतून, वस्त्यांतून चुली पेटल्या, लोकांनी लोकांना जगवले. त्या स्वयंसेवकांना मानाचा जयभीमच केला पाहिजे.

परंतु पाकीट वाटले, छायाचित्र काढले आणि काम संपले, एवढ्यावर थांबलो तर आपण माईंचा एकच हात घेतला. दुसऱ्या हाताचे काय? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. गावाकडच्या शिधापत्रिकेवर इथल्या दुकानात धान्य मिळण्याची सोय आहे. मजुराच्या लहानग्याला अंगणवाडीचा आहार आहे, शाळेत गेल्यास दुपारचे जेवण आहे. हे दान नाही, हक्क आहे. मग अन्न वाटायला गेलेल्या तरुणाने त्या मजुराला शिधापत्रिकेचे विचारले का? अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हातारीबरोबर तो दुकानात गेला का? बांधकामावरच्या मुलांची नावे अंगणवाडीत घातली का? आठवड्यातून एकदा दिलेली बिर्याणी पोट एकदाच भरते. मिळवून दिलेली शिधापत्रिका घर चालवते.

पिंपळे सौदागरहून मुळेचा पूल ओलांडून औंधमार्गे गेले की गणेशखिंडीत विद्यापीठ लागते. त्याची जुनी मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा बंगला. दुष्काळी मजुराला रतलभर धान्य पुरेसे मानणारे टेंपलसाहेब ज्या गव्हर्नरपदावर बसले, त्या पदाचे पावसाळी निवासस्थान तेच. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. रतल तोलणाऱ्याच्या घरावर भाकरी देणारीचे नाव लागले, हा न्याय इतिहासाने केला. पण नाव पाटीवर लागून भागत नाही. त्या पाटीपासून काही किलोमीटरवर एखादे मूल उपाशी झोपत असेल, तर त्याच्यासाठी भाकरी घेऊन जाणे आणि ते उपाशी का, हा जाब रेशन कार्यालयाला, महापालिकेला, ठेकेदाराला विचारणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. तेच सावित्रीमाईंना खरे अभिवादन.