हम्फ्री जेनिंग्ज

हम्फ्री जेनिंग्ज (जन्म : वॉल्बर्सविक, सफक, इंग्लंड, १९ ऑगस्ट १९०७, मृत्यू : पोरोस, ग्रीस, २४ सप्टेंबर १९५०) हे ब्रिटिश माहितीपट दिग्दर्शक, चित्रकार आणि कवी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सामान्य माणसांचे जीवन चित्रित करणाऱ्या माहितीपटांसाठी ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

जेनिंग्ज यांचे वडील वास्तुविशारद, तर आई चित्रकार होती. केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्ययन केले. १९३४ मध्ये ते ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात दाखल झाले. १९३६ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाच्या आयोजनात त्यांचा सहभाग होता. १९३७ मध्ये चार्ल्स मॅज व टॉम हॅरिसन यांच्यासमवेत त्यांनी 'मास ऑब्झर्वेशन' हा उपक्रम सुरू केला. सामान्य लोकांच्या दैनंदिन जीवनाच्या बारीकसारीक नोंदी ठेवणे, हा त्याचा हेतू होता. पोलाद, कापूस आणि कोळसा या उद्योगांतील कामगारांचा फावला वेळ टिपणारा 'स्पेअर टाइम' (१९३९) हा माहितीपट याच दृष्टीचा निदर्शक होय.

युद्धकालीन माहितीपट

युद्ध सुरू झाल्यावर टपाल खात्याचा चित्रपट विभाग माहिती मंत्रालयाकडे गेला आणि पुढे 'क्राउन फिल्म युनिट' या नावाने काम करू लागला. सरकारी प्रचार हे त्याचे प्रयोजन होते. जेनिंग्ज यांनी मात्र शत्रूविषयी द्वेष चेतवण्यापेक्षा स्वकीयांच्या रोजच्या जगण्यावर भर दिला. स्ट्युअर्ट मॅकॅलिस्टर यांच्यासह केलेल्या 'लिसन टु ब्रिटन' (१९४२) मध्ये निवेदन जवळजवळ नाहीच. कारखाने, आगगाड्या, गाणी आणि मैफली यांच्या ध्वनींतूनच देशाचे चित्र उभे राहते.

'फायर्स वेअर स्टार्टेड' (१९४३) मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांच्या काळातील अग्निशामक दलाचे एक दिवस-रात्रीचे काम दाखवले आहे. चित्रीकरणाच्या वेळी मोठे हल्ले थांबले होते. म्हणून आगी मुद्दाम लावण्यात आल्या, परंतु त्या विझवणारे जवान खरे होते. वास्तव आणि पुनर्रचना यांतील सीमारेषेचा प्रश्न या चित्रपटाच्या निमित्ताने आजही चर्चिला जातो.

जून १९४२ मध्ये नाझींनी चेक प्रदेशातील लिडित्से हे गाव उद्ध्वस्त करून तेथील पुरुषांना ठार केले. त्या घटनेवरील 'द सायलेंट व्हिलेज' (१९४३) जेनिंग्ज यांनी वेल्समधील कुमगिएद या खाणकामगारांच्या गावात चित्रित केला. हे आक्रमण आपल्याच गावावर झाले असते तर काय घडले असते, हे तेथील रहिवाशांनी स्वतःच साकारले.

'अ डायरी फॉर टिमथी' (१९४५) हा त्यांचा सर्वांत गाजलेला माहितीपटांपैकी एक होय. ३ सप्टेंबर १९४४ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याला पाच वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जन्मलेल्या बाळाला उद्देशून त्याचे निवेदन आहे. ते ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिले व मायकेल रेडग्रेव्ह यांनी वाचले. जखमी वैमानिक, खाणकामगार, शेतकरी आणि इंजिनचालक यांच्या जीवनाशी बाळाचे पहिले काही महिने गुंफले आहेत. विजय समीप असूनही चित्रपट जयघोषाने संपत नाही; युद्धानंतरचे जग कसे घडवणार, हा प्रश्न तो पुढच्या पिढीपुढे ठेवतो.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

'अ डिफीटेड पीपल' (१९४६) मध्ये जेनिंग्ज यांनी पराभूत जर्मनीतील उद्ध्वस्त शहरे आणि आप्तांचा शोध घेणारी माणसे दाखवली. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी केलेल्या 'फॅमिली पोर्ट्रेट' (१९५०) मध्ये राष्ट्राला कुटुंब कल्पून, शेक्सपिअर, डार्विन यांसारख्या ऐतिहासिक व्यक्तींची ओळख कौटुंबिक छायाचित्रसंग्रह चाळावा तशी करून दिली आहे. हा त्यांचा अखेरचा पूर्ण झालेला माहितीपट ठरला. नव्या माहितीपटासाठी स्थळे पाहत असताना पोरोस बेटावर कड्यावरून पडून वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रभाव

दिग्दर्शक लिंडसे अँडरसन यांनी १९५४ मधील लेखात जेनिंग्ज यांना ब्रिटिश चित्रपटातील खऱ्या कवीचे स्थान दिले. औद्योगिक क्रांतीविषयीच्या समकालीन लेखनाचे त्यांनी अनेक वर्षे खपून केलेले संकलन 'पँडिमोनियम' या नावाने १९८५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले.