पंडिता रमाबाई
पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी व समाजसुधारक होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा निमूटपणे पाळणे त्यांना मान्य नव्हते. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका मांडल्या आणि चर्चच्या अधिकारापेक्षा बायबल व सदसद्विवेकबुद्धी यांना श्रेष्ठ मानले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेली हरकतही त्यांना पटली नाही. श्रद्धा मात्र अखेरपर्यंत टिकली. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन व पुढे केडगाव येथे मुक्तिसदन स्थापून त्यांनी निराधार स्त्रियांना आश्रय दिला. हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी आयुष्याच्या अखेरीस पूर्ण केले.