घंटेपलीकडचे पावलोव्ह

पावलोव्ह म्हटलं की घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा, एवढंच आठवतं ना? पण १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. १८४९ साली रशियातल्या रियाझानमध्ये पाद्र्याच्या घरी जन्मलेले इव्हान धर्मशिक्षण अर्धवट सोडून विज्ञान शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले. त्यांचे प्रयोग वाचताना आज अंगावर काटा येतो. कुत्र्याने गिळलेला घास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून बाहेर पडायचा, पोटात कणही जायचा नाही. तरी जठररस पाझरायचा. (हा रस अपचनावर औषध म्हणून विकलाही जायचा, बरं का!) म्हणजे हुकूम मज्जातंतूंचा. स्वादुपिंडाचंही तसंच, असं ते मानायचे. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं, की आतड्यातून रक्तात मिसळणारं सिक्रेटिन मज्जातंतूंशिवायही स्वादुपिंडाला रस सोडायला लावतं. पावलोव्हनी तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवून घेतला, डोळ्यांनी पाहिला आणि मान्य करून टाकला.