प्रकाशातल्या रेघा मोजणारा कारागीर

आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. आपण घाईघाईनं गॅस बारीक करतो, ओटा पुसतो आणि विसरून जातो. पण तो पिवळा रंग आमटीतल्या हळदीचा नसतो, मिठाचा असतो. मिठातल्या सोडियमची ज्योतीत वाफ होते आणि त्या वाफेतले अणू ठरावीक पिवळा प्रकाश बाहेर टाकतात. या रंगाचं नेमकं मोजमाप करून ठेवणाऱ्या माणसाचं नाव योसेफ फ्राउनहोफर. विज्ञानातल्या थोरांमध्ये मला हा गृहस्थ विशेष जवळचा वाटतो. कारण तो विद्यापीठाची पायरी कधी चढला नाही. तो काच घासणारा कारागीर होता.

६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग गावी त्याचा जन्म झाला. वडील काचकाम करणारे, घरात मुलं भरपूर, योसेफ अकरावा. बारा वर्षांचा होण्याआधीच आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पालकांनी पोराला म्युनिकमध्ये आरसे बनवणाऱ्या एका उस्तादाकडे सहा वर्षांच्या उमेदवारीवर ठेवलं. पगार नाही. घरातली पडेल ती कामं करायची आणि उरल्या वेळात काच घासायची. रविवारच्या शाळेत जावं, पुस्तकं वाचावीत, असं त्याला फार वाटे. मालकाला मात्र ते खपत नसे.

२१ जुलै १८०१ रोजी ते घरच कोसळलं. मालकीणबाई ढिगाऱ्याखाली दगावल्या. चौदा वर्षांचा योसेफ काही तासांनी जिवंत बाहेर निघाला. बव्हेरियाचा राज्यकर्ता मॅक्सिमिलियन स्वतः तिथं आला होता. त्यानं मुलाला अठरा सोन्याची नाणी दिली. युट्झश्नायडर नावाचे एक उद्योगी गृहस्थही तिथं होते. त्यांनी त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तकं मिळवून दिली. योसेफनं त्या नाण्यांतून काच घासण्याचं यंत्र घेतलं आणि उरलेल्या उमेदवारीचे पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली. एवढ्या पैशांत दुसऱ्या एखाद्या पोरानं काय काय घेतलं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

१८०६ मध्ये तो युट्झश्नायडर यांच्या उपकरणांच्या कारखान्यात लागला. पुढं कारखान्याचा काचविभाग बेनेडिक्टबॉयर्न इथल्या एका जुन्या मठात गेला. गिनाँ नावाचा स्विस कारागीर तिथं काच वितळवत असे. वितळलेली काच नीट ढवळून ती एकजीव कशी करायची, ही विद्या त्याच्यापाशी होती. योसेफ ती शिकला आणि काही वर्षांत भट्टीपासून भिंगापर्यंत सगळं काम त्याच्या हाती आलं.

त्या काळच्या दुर्बिणींत ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसत. त्या घालवायच्या तर काच प्रत्येक रंगाला किती वाकवते, हे नेमकं मोजायला हवं. पण इंद्रधनुष्यात तांबडा कुठं संपतो आणि नारिंगी कुठं सुरू होतो, हे कोण सांगणार? मोजायला पक्की खूण हवी. दिव्याच्या ज्योतीत त्याला एक लख्ख पिवळी रेघ सापडली. सूर्यप्रकाशातही अशी रेघ मिळेल का, हे पाहायचं त्यानं ठरवलं. खोलीत अंधार केला, फटीतून ऊन आत घेतलं, समोर लोलक ठेवला आणि लोलकापुढं जमीनमोजणीची दुर्बीण लावली.

तेजस्वी रेघ दिसली नाही. त्याऐवजी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्ट्यात असंख्य काळ्या रेघा दिसल्या. हे साल १८१४. इंग्लंडमध्ये वोलस्टन यांना १८०२ मध्ये अशा काही मोजक्या रेघा दिसल्या होत्या. रंगांच्या त्या सीमा असाव्यात, असं समजून त्यांनी तो विषय तिथंच सोडला. फ्राउनहोफरनं सोडला नाही. हा आपल्या काचेचा किंवा डोळ्याचा दोष तर नाही ना, याची त्यानं पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. मग ५७४ रेघांची नोंद केली आणि ठळक रेघांना अक्षरं दिली. पिवळ्या भागातल्या काळ्या जोडरेघेला ‘डी’ म्हटलं. ती नेमकी दिव्यातल्या पिवळ्या रेघेच्या जागी होती, हेही त्यानं टिपलं.

शुक्राच्या प्रकाशात त्याला सूर्याच्याच रेघा दिसल्या, व्याधाच्या ताऱ्यात मात्र वेगळ्या. पुढं बारीक तारा जवळजवळ ताणून त्यानं प्रकाशाची जाळी केली आणि तिच्या मदतीनं तरंगलांब्या मोजल्या. रेघा का पडतात, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. त्या कामाला आपल्यापाशी वेळ नाही, इतरांनी ते पुढं न्यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अंदाजाचं घोडं दामटण्याचा मोह त्यानं टाळला, याचं मला फार मोल वाटतं.

मान मिळाला, पण सुखासुखी नाही. शाळा न शिकलेल्या कारागिराला विद्वानांच्या अकादमीत घ्यायला काही सभासदांचा विरोध होता. तरी तो आत गेला, प्राध्यापक झाला. १८२४ मध्ये सरदारकीही मिळाली. त्याच सुमारास डॉर्पाट वेधशाळेसाठी त्यानं २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण पूर्ण केली. पण प्रकृती मुळात नाजूक, त्यात वर्षानुवर्षं भट्टीची धग. ७ जून १८२६ रोजी क्षयानं त्याचं निधन झालं. वय अवघं एकोणचाळीस.

रेघांचं कोडं सुटायला १८५९ साल उजाडलं. हायडेलबर्गमध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रखर प्रकाश मिठाच्या ज्योतीतून जाऊ दिला आणि ‘डी’ची काळी रेघ घरातच उमटली. तापलेली वाफ जो रंग बाहेर टाकते, तोच रंग ती मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून शोषूनही घेते. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियमची वाफ होती! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. ‘डी’च्या शेजारची त्या ज्वाळांतली पिवळी रेघ सोडियमची नाही, हे त्याच वर्षी ध्यानात आलं. ती हेलियमची निघाली. १९९९ मध्ये लेने हाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिथंड सोडियमच्या वाफेत पिवळ्या प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरवर आणला. एरवी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश आपल्या एसटीच्या चालीनं चालला!

हे सारं वाचताना मला अभिमानापेक्षा अस्वस्थताच अधिक वाटते. योसेफची हुशारी घर कोसळण्याआधीही तेवढीच होती. ती कुणाला दिसली नाही, कारण त्याच्या हाती पुस्तक येऊच दिलं जात नव्हतं. छप्पर पडलं आणि योगायोगानं पैसे देणारा व पुस्तकं देणारा असे दोघे तिथं हजर होते. आपल्या गॅरेजांत, हॉटेलांत, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या पोरांवरचं छप्पर सहसा पडत नाही, आणि पडलं तरी तिथं राजा येत नाही. त्यांच्या हाती पुस्तक द्यायला आपण अपघाताची वाट का पाहायची?