तड्याचा हिशेब

काच कापणारा कारागीर काच आरपार कापत नाही. हिऱ्याच्या टोकाने ओरखडा काढतो, जरासा दाब देतो आणि काच त्या रेषेवर दुभंगते. एवढ्याशा ओरखड्याने काचेची ताकद कशी जाते, याचा हिशेब मांडला तो ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांनी.

१८९३ मध्ये लंडनला जन्मलेले ग्रिफिथ लिव्हरपूलला यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि १९१५ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात दाखल झाले. यंत्रांच्या धातूच्या भागांवरचे बारीक ओरखडे धोक्याचे ठरतात का, हा तिथला रोजचा प्रश्न होता. त्यांनी प्रयोगासाठी धातू बाजूला ठेवून काच घेतली. काच ठिसूळ, ती वाकत, ताणत बसत नाही, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

काचेचे धागे ओढून त्यांनी ते तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या काचेपेक्षा मिलिमीटरच्या ३ हजारांश भागाएवढा बारीक धागा, तेवढ्याच छेदामागे, जवळपास २० पट ताण सोसत होता! म्हणजे जाड काचेत डोळ्यांना न दिसणारे तडे आधीपासूनच असले पाहिजेत. तडा पुढे सरकतो तेव्हा दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यांना ऊर्जा लागते. ताणलेल्या काचेत साठलेली ऊर्जा सुटून ती गरज भागली, की तडा थांबत नाही. तडा चौपट लांब झाला, तर निम्म्या ताणालाच काच फुटते.

हा शोधनिबंध १९२१ मध्ये आला, पण अभियंत्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ग्रिफिथ स्वतःही विमानाच्या टर्बाइन इंजिनांकडे वळले. १९३९ पासून १९६० पर्यंत ते रोल्स-रॉइसमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात पोलादी लिबर्टी जहाजे अचानक दुभंगू लागली, तेव्हा कुठे तड्यांचा अभ्यास निकडीचा झाला. अमेरिकेत जॉर्ज आयर्विन यांनी ग्रिफिथ यांचा हिशेब धातूंना लागू होईल असा वाढवला. १९६३ मध्ये ग्रिफिथ यांचे निधन झाले.

त्यांच्या गणितात तुटलेला पृष्ठभाग सपाट धरला होता. प्रत्यक्षात तो खडबडीत असतो. जितके जवळून पाहावे, तितके नवे उंचसखल भाग दिसतात. १९८४ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट आणि सहकाऱ्यांनी तुटलेल्या पोलादाचा हा खडबडीतपणा फ्रॅक्टल भूमितीने मोजला. सपाट पृष्ठभागाची मिती २ असते, अशा पृष्ठभागाची २ आणि ३ च्या मध्ये. पुढे काच आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवरही ही मोजणी झाली. दातावर बसवलेली सिरॅमिकची कॅप तुटली, तर तिच्या तुटलेल्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून तडा कुठून सुरू झाला हे आज शोधता येते.