सावित्रीमाई : साथीच्या काळात खंबीर उभी राहिलेली शिक्षिका

१० मार्च हा क्रांतीज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. त्यांचा मृत्यू १८९७ च्या प्लेगमध्ये, रुग्णांची सेवा करताना झाला. कोरोनाचा काळ अनुभवलेल्या शिक्षकांनी तरी माईंचे जीवन या बाजूने पाहिले पाहिजे.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. जोतीरावांनीच त्यांना शिकवले. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि माई शिक्षिका झाल्या. शाळेत जाताना अंगावर शेण, चिखल, दगड येत. त्या सोबत दुसरे लुगडे नेत, ते बदलून वर्गात उभ्या राहत. सासरचे घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख शाळेच्या कामात सोबतीला आल्या. १८५६ मध्ये माई आजारपणामुळे माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा फातिमावर पडलेल्या कामाच्या भाराची काळजी जास्त वाटत होती.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी सत्यशोधक कार्यकर्त्यांसह उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे माईंनीच हाती धरले आणि पुढे सत्यशोधक समाजाचे कामही नेटाने चालवले.

पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्यांचे वय ६६ होते. लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंत या दत्तकपुत्राला त्यांनी बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उभा राहिला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. मुलगा वाचला, पण माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोरोनासाठी महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला. शाळा बंद झाल्या, पण शिक्षकांचे काम थांबले नाही. प्राथमिक शिक्षकांना घरोघरी सर्वेक्षणाला जुंपले गेले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथले मूल ऑनलाइन वर्गात दिसतच नव्हते. आपल्या वाशिम जिल्ह्यात तर फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. अशा वेळी शिक्षकाचे मन खचले, तर तो त्याचा कमकुवतपणा कसा म्हणायचा?

माईंच्या बलिदानाचा दाखला देऊन शिक्षकांकडून फक्त त्यागच मागणे योग्य नाही. माई थोर होत्याच, पण त्या एकट्या नव्हत्या. जोतीराव, फातिमा, उस्मान, यशवंत आणि सत्यशोधक समाज त्यांच्या पाठीशी होता. पुढची साथ आलीच, तर सुरक्षिततेची साधने, वेळेवर पगार, शिकवण्यापुरतेच काम आणि गावाचा आधार शिक्षकाला मिळाला पाहिजे. १० मार्चला प्रतिमेला हार घालताना आपल्या गावच्या शाळेतील गुरुजी आणि बाई कशा आहेत, याचीही विचारपूस करूया.

सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन!